पॉलिसी रिसर्चमध्ये यायचंय? मत राहू दे, आधी आकडा कशाचा आहे ते बघा

बजेट होऊन गेलं की मला ठरलेले मेसेज यायला लागतात. ताई, थिंक टँकमध्ये, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, कसं शिरायचं, इकॉनॉमिक्समध्ये एमए लागतंच का, यूपीएससी सुटलं तर हा चांगला प्लॅन बी आहे का, आणि पेपरात लेख छापून यायला किती वर्षं लागतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकावं. लांब होणारे, चहा घेऊन बसा.

आधी गैरसमज. टीव्हीवर 'धोरण अभ्यासक' अशी पट्टी खाली लागते आणि माणूस शिक्षणावर बोलतो, मग टॅक्सवर बोलतो, मग हॉस्पिटलांवर, आणि सीमेवर काही झालं की त्याच्यावरही तोच बोलतो. नवीन मुलांना वाटतं की काम असं असतं. तसं काही नसतं. जी माणसं खरंच अभ्यास करतात ती एखाद्याच विषयात आणि त्यातल्याही एखाद्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं बसलेली असतात, कुणी फक्त जीएसटी, कुणी फक्त शाळांचा पैसा, आणि त्यांना बाकीच्या विषयाचं काही विचारायला गेलात तर सरळ सांगतात की हे मला माहीत नाही, अमुकला विचार. तुम्ही जॉइन झालात की तुमच्या वाट्याला येतं ते म्हणजे पीडीएफ उघडणं, त्यातले तक्ते एक्सेलमध्ये उतरवणं, बेरजा जुळतात का बघणं, नाही जुळल्या तर का नाही ते शोधणं आणि शेवटी दोन पानांची नोट. तुमचं मत पहिलं वर्षभर तरी कुणी विचारत नाही आणि माझ्या मते ते चांगलंच आहे.

कारण या धंद्यातली निम्मी भांडणं मतांची नसतातच हो. आकडा कशाचा आहे, कुणाला धरलं आणि कुणाला सोडलं, कशाशी तुलना केली, यावरच सगळं अडलेलं असतं. हे ज्याला दिसायला लागलं तो टिकतो. उदाहरणं देते, आरोग्य, टॅक्स, शिक्षण आणि राष्ट्रीय सुरक्षा अशा चारही विषयांतली, पण सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, जिथे मला स्वतःला मजा येते तिथे जास्त थांबणारे.

आरोग्यापासून सुरू करू, कारण त्यातलं एक उदाहरण मी प्रत्येक इंटर्नला करायला देते. २०२१-२२ चं बजेट, कोविडनंतरचं पहिलं. भाषणात आलं की आरोग्य आणि कल्याणासाठीची तरतूद २,२३,८४६ कोटी, आधीच्या वर्षी ९४,४५२ कोटी होती, म्हणजे वाढ १३७ टक्के. दुसऱ्या दिवशी हेडलाइन तीच. आता खालचा तक्ता उघडा. त्यात पिण्याचं पाणी आणि स्वच्छता आहे, ते एकटंच ६० हजार कोटींच्या वर, पोषण आहे, वित्त आयोगाची (केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटायचा ते सुचवणारा आयोग) अनुदानं आहेत, लसींसाठी ३५ हजार कोटी आहेत. नुसतं आरोग्य मंत्रालय काढलं तर आदल्या वर्षीचा अर्थसंकल्पीय अंदाज, म्हणजे बजेटच्या दिवशी ठरवलेली रक्कम, सुमारे ६७ हजार कोटी, आणि २०२१-२२ चा सुमारे ७४ हजार, म्हणजे वाढ दहा टक्क्यांच्या आसपास. आणि अजून पुढे जा, आदल्या वर्षीचा सुधारित अंदाज, म्हणजे वर्ष संपत आल्यावर दुरुस्त केलेली रक्कम, बघा, कोविडमुळे तो सुमारे ८३ हजार कोटींवर गेलेला, त्याच्याशी तुलना केली तर चक्क घट! म्हणजे एकाच दिवशीच्या एकाच कागदावरून १३७ टक्के वाढ, १० टक्के वाढ आणि घट असे तीन लेख लिहिता येतात, आणि तिन्हीत एकही आकडा खोटा नाही. पाणी आणि स्वच्छता आरोग्यात धरावी की नाही यावर खरंच चर्चा होऊ शकते, माझं मत की धरावी, पण मग दोन्ही वर्षांना सारखीच धरा आणि वाचणाऱ्याला सांगा. इंटर्नला मी हे तीनही लेख लिहायला लावते. तिसरा लिहून होईपर्यंत त्याचा हेडलाइनवरचा विश्वास बऱ्यापैकी उडालेला असतो.

आरोग्यातच अजून एक. लोकांना स्वतःच्या खिशातून जो खर्च करावा लागतो तो एकूण आरोग्य खर्चाच्या २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखा सांगतो. मोठी गोष्ट आहे, नाकारायचं कारण नाही. पण अभ्यासक लगेच विचारतात की घरांचा खर्च कुठल्या सर्व्हेतून घेतला, तर तो २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या (एनएसएस) फेरीच्या आधारावर पुढे ताणलेला आहे, आणि मधे तर कोविड येऊन गेला. शिवाय टक्का कमी होणं आणि माणसाचा रुपयांतला खर्च कमी होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, सरकारी खर्च वाढला की खिशातल्या खर्चाचा टक्का आपोआप खाली येतो. आयुष्मान भारतबद्दल लिहिताना पण हेच, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कव्हर खरं आहे, पण ते ॲडमिट झाल्यावर. गोळ्या-औषधं, ओपीडी, डायबेटिसवाल्याचा दर महिन्याचा खर्च यात येत नाही, आणि घरं कंगाल होतात त्यात या रोजच्या खर्चाचा वाटा मोठा असतो. आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातलं '२०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के' हे लक्ष्य केंद्र आणि राज्यं मिळून होतं. नवीन लोक केंद्राचा एकट्याचा आकडा घेतात, त्याला जीडीपीने भागतात आणि 'बघा, अर्धा टक्काही नाही' असं लिहून मोकळे होतात. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे घटनेत, सिंहाचा वाटा राज्यंच खर्च करतात.

यावरून टॅक्सकडे. हा माझा विषय, त्यामुळे जरा सहन करा.

टॅक्सवर लिहायचं तर नवीन मुलं दरांवर लिहितात, इन्कम टॅक्सचे स्लॅब, जीएसटीचे ५, १८ आणि ४०. खरी गोम मात्र वाटपात असते, कोण गोळा करतं आणि कुणाला मिळतं. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के दिले हे सगळ्यांना पाठ असतं. ४१ टक्के कशाचे? वाटून घ्यायच्या टॅक्सचे, आणि सेस (ठराविक कामासाठी लावलेला जादा कर) आणि सरचार्ज (टॅक्सवरचा टॅक्स) त्यात धरत नाहीत. आता हे कोरडं वाटतं, म्हणून पेट्रोल घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये लिटरमागे केंद्राची एक्साइज होती ३२ रुपये ९० पैसे. त्यातली मूळ एक्साइज फक्त १ रुपया ४० पैसे, बाकी सगळं विशेष अतिरिक्त ड्युटी, रस्त्यांचा सेस, शेतीचा सेस. राज्यांबरोबर वाटायचं ते त्या १ रुपया ४० पैशांतलं, म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून लिटरमागे साधारण ५७ पैसे. मी जेव्हा हे पहिल्यांदा स्वतः कागदावर मांडलं तेव्हा मला केंद्र-राज्य संबंध नावाचा सगळा चॅप्टर समजला जो कॉलेजात कधी समजला नव्हता. आता याच्यावर दोन्ही बाजू आहेत बरं का. केंद्राची बाजू घेणारे म्हणतात की सेसचा पैसा रस्ते वगैरे होऊन राज्यांतच खर्च होतो, केंद्रपुरस्कृत योजनांतून परत जातो. राज्यवाले म्हणतात की तुमच्या अटींवर मिळालेला पैसा आणि हक्काचा पैसा एक नाही. मी दुसऱ्या बाजूची आहे, उघड सांगते, पण पहिल्या बाजूचा युक्तिवाद नीट मांडता आला नाही तर तुमचा लेख कार्यकर्त्याचा वाटतो.

जीएसटी कौन्सिलचं, म्हणजे जीएसटीचे निर्णय घेणाऱ्या केंद्र-राज्यांच्या मंडळाचं, पण बघून ठेवा. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. गणित करा, केंद्र नाही म्हणालं तर सगळी राज्यं एक होऊनही काही पास करू शकत नाहीत, पण केंद्रालाही एकट्याने चालत नाही, बऱ्याच राज्यांना बरोबर घ्यावं लागतं. हे माहीत नसताना 'राज्यांनी पेट्रोल जीएसटीत का आणलं नाही' किंवा 'केंद्राने का आणलं नाही' असे एकतर्फी लेख येत राहतात. आणि हो, 'देशात फक्त मूठभर लोक टॅक्स भरतात' हे वाक्य कृपया लिहू नका. ते इन्कम टॅक्सचं झालं. साबण विकत घेणारा प्रत्येक जण टॅक्स भरतो.

मराठी माणसाला तर हा विषय परका नसावा खरं म्हणजे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात मुद्दा काय होता, की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, म्हणून प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. टॅक्स कुणाकडून आला आणि शिक्षणात कुणावर गेला, एका निवेदनात दोन्ही. बाबासाहेबांचा कोलंबियातला प्रबंध प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर आहे, म्हणजे आज आपण ज्याला केंद्र-राज्य आर्थिक संबंध म्हणतो तेच. तो १९२५ साली छापला गेला. जयंतीला पोस्ट टाकणारे खूप, त्यातले तक्ते वाचणारे फार भेटत नाहीत.

शिक्षणात तीन डेटा असतात आणि तिघांची गल्लत होते. असर, म्हणजे 'प्रथम' या संस्थेचा सर्व्हे, २००५ पासूनचा, तो ग्रामीण भागात घरी जाऊन मुलाला समोर बसवून वाचायला लावतो. सरकारचा राष्ट्रीय संपादणूक सर्व्हे (२०२४ पासून नाव 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण') शाळेत होतो, ठराविक इयत्तांचा. आणि यूडायस म्हणजे शाळांनीच भरलेली माहिती, किती वर्ग, किती शिक्षक, किती संडास. शिकलं किती ते यूडायस सांगत नाही, आणि शहरातलं असर सांगत नाही. इतकं कळलं तरी तुम्ही बऱ्याच लेखकांच्या पुढे आहात. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण असरमध्ये २०१८ ला २७.३ टक्के, २०२२ ला २०.५, आणि २०२४ ला २७.१. एक जण लिहिणार, सहा वर्षांत काही सुधारलं नाही. दुसरा फक्त सरकारी शाळा काढणार, २०.९, १६.३, २३.४, आणि लिहिणार की सरकारी शाळा कोविडच्या आधीच्याही पुढे गेल्या. दोघंही बरोबर आहेत. पण मला विचाराल तर दुसऱ्याने एक ओळ वाढवायला हवी की तरीही चारातल्या तिघांना तो मजकूर वाचता येत नाहीये. जीडीपीच्या ६ टक्के शिक्षणावर ही मागणी कोठारी आयोगापासून चालू आहे, २०२० च्या धोरणातही आहे, त्यावर परत एक लेख लिहू नका, संपादक वाचणार पण नाही.

राष्ट्रीय सुरक्षा. इथे मी बाहेरची आहे, त्यामुळे थोडक्यात. सिव्हिलियन माणसाला यात शिरायला वाट आहे का, आहे, पण रणनीतीवर निवृत्त जनरल साहेबांशी स्पर्धा करायला जाऊ नका, पैशाच्या बाजूने या. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शनचे. सैन्यदलांचा भांडवली खर्च, म्हणजे नवी खरेदी, संशोधन, बांधकामं वगैरे मिळून, १.८० लाख कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अग्निपथबद्दल, म्हणजे चार वर्षांच्या, पेन्शन नसलेल्या सैन्यभरतीबद्दल, २०२२ पासून जे काय बोललं जातंय त्याच्यामागचा न बोललेला भाग दिसतो. सिप्रीचा (जगभरचा लष्करी खर्च मोजणारी स्वीडनमधली संस्था) आकडा आपल्या बजेटशी जुळत नाही म्हणून घाबरू नका, ते काही निमलष्करी दलंही धरतात, आपल्याकडे ती गृह मंत्रालयाच्या खात्यात असतात. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे रिपोर्ट आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे, एवढं वाचलं तरी पुष्कळ काम आहे. फक्त ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट १९२३ चा असला तरी चालू आहे, व्हॉट्सॲपवर कुणी 'आतला' कागद पाठवला तर तो वापरायचा नाही, विषय संपला.

आता वाचायचं कुणाला. दोन्हीकडच्यांना, आणि एकाच भांडणातले. माझं आवडतं भांडण २०१३ चं आहे. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढियांनी ईपीडब्ल्यूमध्ये (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) लिहिलं की भारतातलं बालकुपोषण फुगवून दाखवलं जातंय, कारण जगभरच्या मुलांना एकच उंचीचं मोजमाप लावलं जातं. मग त्याच नियतकालिकात उत्तरं आली, ज्याँ द्रेज, अँगस डीटन वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींची, की फरकाचं कारण शोधायचं तर आईचं आरोग्य आणि उघड्यावरचं शौच बघा. दोन्ही बाजूंचे लोक तयारीचे, डेटा बराचसा एकच, आणि निष्कर्ष उलटे. हे सगळे लेख क्रमाने वाचा, हातात पेन घेऊन. माझ्या एमएच्या दोन सेमिस्टरपेक्षा मला यातून जास्त मिळालं, असं म्हटलं तर माझे सर चिडतील, पण खरं आहे.

डिग्रीचं म्हणाल तर इकॉनॉमिक्स उपयोगी पडतं, पण मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यात वकील होते, एक डेंटिस्ट होती, इंजिनिअर तर पोत्याने. महाराष्ट्रात पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट आहे, १९३० पासूनचं, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट (टिस) आणि इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट (आयजीआयडीआर). दिल्लीत टॅक्सच्या अभ्यासासाठी एनआयपीएफपी ही संस्था, संसदेतल्या कायद्यांच्या अभ्यासासाठी पीआरएस. पीआरएसची लॅम्प फेलोशिप आहे तिच्यात एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून बजेट अधिवेशनापर्यंत काम करायला मिळतं, वयाची अट असते, त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' करू नका. पगार आयटीतल्या मित्रांना सांगू नका, त्यांना वाईट वाटतं.

नोकरी घेताना एक गोष्ट विचारायला लाजू नका, संस्थेला पैसा कोण देतं. परदेशी देणग्या असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी लागते. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च (सीपीआर) सारख्या १९७३ पासूनच्या संस्थेची नोंदणी २०२३ मध्ये स्थगित झाली आणि २०२४ च्या जानेवारीत रद्द झाली, अशा वेळी पहिल्यांदा कुऱ्हाड पडते ती प्रोजेक्टवर घेतलेल्या पोरांवर. देशी उद्योगपतीचा पैसा असेल तर त्या उद्योगाच्या टॅक्सवर तुम्ही काय लिहू शकाल ते आधीच ओळखून घ्या. मी एका ठिकाणी होते तिथे माझ्या नोटमधला एक तक्ता 'सध्या नको' म्हणून काढला गेला. चूक नव्हता तक्ता, नकोसा होता. मी तिथून निघाले, पण प्रत्येकाला लगेच निघता येत नाही हेही कळतं मला, घरभाडं असतं.

मराठी येणं हा या क्षेत्रात फायदा आहे, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दिल्लीतल्या हुशार लोकांना आपले जीआर वाचता येत नाहीत. राज्याचं बजेट, पुरवणी मागण्या, लेखाशीर्षं, जिल्हा नियोजनचे कागद, हे सगळं मराठीत पडलेलं आहे आणि त्याला हात लावणारं फार कुणी नाही. केंद्राच्या बजेटवर त्या दिवशी शेकड्याने लेख येतात, आपल्या राज्याच्या आरोग्य खात्याने दिलेल्या पैशातला किती खर्च केला यावर एखादा आला तर आला. बीम्सवर, म्हणजे राज्याच्या बजेटच्या वेबसाइटवर, जाऊन बघा, तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती, तीन रकाने असतात, आणि तिघांतलं अंतर हीच बातमी असते.

अर्ज करायचा असेल तर मोठ्ठं स्टेटमेंट ऑफ पर्पज लिहू नका, 'लहानपणापासून मला समाजासाठी काहीतरी' हे वाचून वाचून आमचे डोळे गेले. एक योजना घ्या. तिचे तीन वर्षांचे अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च एका तक्त्यात मांडा. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षं उशिरा येतो हे लक्षात ठेवा. कुठे पैसा परत गेला ते शोधा, त्यावर आमदार-खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं शोधा, नाही मिळालं तर माहितीचा अधिकार टाका, एक महिना जाईल, जाऊ दे. दोन पानं लिहा, तुमचं मत शेवटच्या परिच्छेदात, आणि प्रत्येक आकड्याखाली कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावरून घेतला ते. ते पीडीएफ करून मेललाच जोडा. ड्राइव्हची लिंक पाठवू नका, निम्म्या लिंका ॲक्सेस मागतात आणि मग कुणी उघडत नाही.